दहा मिलिसेकंदांच्या हिशेबाबद्दल आभार

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही छापू नये अशी आपली ताकीद असल्यामुळे केवळ 'भुसावळचे भाऊ' एवढाच उल्लेख करून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

जळगावच्या आमच्या वर्कशॉपमध्ये ठिबकचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद केल्यावर पाइपातला दाब कसा उसळतो हे पाहण्यासाठी मी डेस्कटॉपवर दर 10 मिलिसेकंदांनी दाब नोंदवणारा प्रोग्राम लिहिला होता. मिनिटाला 6000 नोंदी हव्या होत्या आणि येत होत्या 3840. तीन आठवडे मी सेन्सर आणि केबली बदलत बसलो. आपण भर मे महिन्यात दुपारच्या गाडीने आलात, 3840 ला 60 ने भागून कागदाच्या कोपऱ्यात 64 हा आकडा लिहिलात आणि सेन्सर निर्दोष असल्याचे सांगितलेत. विंडोजच्या घड्याळाचे सेकंदाला एरवी 64 ठोके पडतात, म्हणजे एक ठोका 15.625 मिलिसेकंदांचा, आणि प्रोग्रामने 10 मिलिसेकंदांची झोप मागितली तरी त्याला जाग येते ती पुढच्या ठोक्यालाच. "एसटी दर पंधरा मिनिटांनी असेल, तर दहा मिनिटांत आवरूनही तू निघणार पंधराव्यालाच," हे आपले वाक्य आमच्या पोरांना तोंडपाठ झाले आहे.

जुन्या संगणकावर ब्राउझर उघडा असला की हाच प्रोग्राम सुधारतो, याला मी भुताटकी म्हणत होतो. विंडोज 10 च्या 2004 या क्रमांकाच्या (हे साल नव्हे) आवृत्तीपूर्वी एका प्रोग्रामने ठोका बारीक करून घेतला की तो सगळ्यांसाठीच बारीक होई, हे आपण सांगितल्यावर ते भूत उतरले.

टाइमबिगिनपिरियड ही ठोका बारीक करून मागणारी विंडोजची आज्ञा वापरून ठोका 1 मिलिसेकंदाचा केला, तरीही नोंदी साडेपाच हजारांच्या आतच राहिल्या. खरी चूक माझ्या हिशेबात होती. प्रत्येक नोंदीनंतर मी नव्याने 10 मिलिसेकंद मोजत होतो, त्यामुळे वाचनाला आणि जाग यायला लागणारा वेळ दर फेरीत वर चढत होता. फेरीला एक मिलिसेकंद वाढला तरी मिनिटाला पाचशेहून अधिक नोंदी गळतात. पुढची वेळ 'आत्तापासून' न धरता आधीच्या ठरलेल्या वेळेत 10 मिळवून काढायची, ती भिंतीवरच्या घड्याळासारख्या मागेपुढे सरकवता येणाऱ्या वेळेवर न बेतता परफॉर्मन्स काउंटरवर, म्हणजे संगणकातल्या सतत पुढेच जाणाऱ्या बारीक मोजणीवर बेतायची, शेवटचे दोन मिलिसेकंद न झोपता काउंटरकडे पाहत काढायचे आणि प्रत्येक नोंदीसमोर तिची खरी वेळ लिहायची, हे सारे आपण माझ्याच हातून करून घेतलेत. माझ्या हाताला कीबोर्ड आणि आपल्या हाताला फक्त चहाचा कप, अशी ती शिकवणी होती.

आपण एक गोष्ट लपवली नाहीत, त्याबद्दल विशेष ऋणी आहे. विंडोज वेळेची हमी देत नाही. चुकलेला एक ठोकाही परवडत नसेल, तर ते काम वेगळ्या मायक्रोकंट्रोलरकडे, म्हणजे एकाच कामाला वाहिलेल्या छोट्या संगणक-चिपकडे सोपवावे, असे आपण स्पष्ट बजावलेत. आमच्या व्हॉल्व्हला एवढी कडक शिस्त लागत नाही, म्हणून तूर्त डेस्कटॉपच चालू आहे.

काल मिनिटाला बरोबर 6000 नोंदी आल्या. आलेख सोबत जोडला आहे. त्यात एका ठिकाणी दोन नोंदींमध्ये 23 मिलिसेकंदांची फट आहे. तिच्याभोवती मी लाल शाईने गोल केला आहे, कारण आपली नजर आधी तिथेच जाणार.

आपला ऋणी,
वर्कशॉपवाला