घरी शिकणाऱ्या मुलांना शाळेच्या संघातून खेळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की तालुका पातळीवरच्या शालेय क्रीडा स्पर्धांची धांदल सुरू होते. प्रवेशिकेवर खेळाडूचे नाव, जन्मतारीख, जनरल रजिस्टरचा नंबर आणि खाली मुख्याध्यापकांचा सही-शिक्का लागतो. ज्या मुलाचे नाव कोणत्याच शाळेच्या रजिस्टरात नाही, त्याला तालुक्यालाच उतरता येत नाही. मग जिल्हा, विभाग, राज्य या पुढच्या गोष्टी. शाळेत न जाता घरी शिकणाऱ्या मुलांविषयी हे पत्र आहे. घराजवळच्या जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेच्या संघातून या मुलांना खेळू द्यावे, एवढी माझी मागणी आहे.

घरी शिकणारी मुले म्हटले की पुण्या-मुंबईतली सुखवस्तू कुटुंबे डोळ्यांपुढे येतात. तीही आहेतच. पण दीर्घ आजारामुळे शाळा सुटलेली मुले आहेत, वाचन-लेखनाच्या अडचणीमुळे वर्गात टिकू न शकलेली आहेत. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना तर शिक्षणहक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने घरी शिकण्याचा पर्याय हक्क म्हणून दिला आहे. दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येते, हे खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. २०१७ मध्ये राज्याने मुक्त विद्यालय मंडळ काढले. त्यातून पाचवी, आठवी, दहावीच्या परीक्षा देता येतात. म्हणजे शाळेबाहेर केलेला अभ्यास शासनाला मान्य आहे. अडते ते फक्त मैदानावर.

मी क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली, निवृत्तीनंतरही संध्याकाळी गावातल्या मैदानावर मुलींचा खो-खो घेतो. आमच्यात एक मुलगी आहे. लहानपणी तिला अक्षरे लागत नसत. वर्गात चेष्टा इतकी झाली की शाळेचे नाव काढले तरी तिला ताप भरायचा. आईवडिलांनी तिला घरी शिकवायला घेतले आणि मुक्त मंडळातून ती आठवी झाली. खेळात म्हणाल तर आक्रमणात तिच्याइतकी चलाख मुलगी आमच्याकडे दुसरी नाही. खांबाजवळ गडी वळतो त्या क्षणी खो मिळाला पाहिजे, हे तिला सांगावे लागत नाही. रोज जिच्या शेजारी ती पाटीवर बसते, ती मैत्रीण स्पर्धेला जाते आणि ही मागे राहते. एका शाळेने मार्गही सुचवला: नाव नुसते पटावर घाला, हजेरीचे आम्ही बघतो. हेतू चांगला होता. पण खोट्या हजेरीवर मुलीला खेळवायला तिचे आईवडील तयार झाले नाहीत, आणि ते बरोबरच होते. सरळ वाट बंद ठेवली की प्रामाणिक माणूस बाहेर राहतो आणि लबाड आत शिरतो. संघ बळकट करण्यासाठी बाहेरचे खेळाडू कागदोपत्री दाखल करून घेण्याचा प्रकार आपल्याकडे नवा नाही.

यावर कोणी म्हणेल, जिल्हा संघटनेच्या किशोर-कुमार गटाच्या स्पर्धा आहेत, क्लबकडून खेळा. मुंबई, पुणे, सांगली, सोलापूर अशा ठिकाणी हे चालते, कारण तिथे जुनी मंडळे आहेत. लहान गावात मैदान शाळेचे, खांब शाळेचे, शिकवणारा शाळेचा आणि सोबतीच्या मुलीही शाळेच्याच. जलतरण, बुद्धिबळ असे वैयक्तिक खेळ पालक कसेही करून पुरे करतील, पण खो-खोला मैदानात नऊ जणी लागतात. शिवाय शालेय स्पर्धांतल्या कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. एका मुलाला ही संधी आहे आणि त्याच्या शेजारच्याला ती नाही, हे मला पटत नाही. तोही याच गावचा आहे, त्याचे आईवडीलही कर भरतात.

अमेरिकेत हा वाद बरीच वर्षे चालला आहे. फ्लोरिडा राज्याने १९९६ मध्येच घरी शिकणाऱ्या मुलांना सरकारी शाळांच्या संघांची दारे उघडली. तिथला टिम टीबो घरी शिकत शिकत सरकारी शाळेकडून अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल खेळला आणि पुढे २००७ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च मानला जाणारा हाइझमन करंडक त्याने मिळवला. उलट व्हर्जिनियात विधिमंडळाने संमत केलेले असेच विधेयक गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ यांनी २०१५ पासून सलग तीन वर्षे परत पाठवले. शाळेतल्या खेळाडूला अभ्यासाच्या अटी पाळाव्या लागतात, घरच्याला त्या कशा लावणार, असा त्यांचा मुद्दा होता. तो टाकाऊ नाही. वर्षभर हजेरी देऊन, चाचण्या देऊन संघात आलेल्या मुलीची जागा बाहेरून आलेल्या मुलीने घेतली तर तिला राग येणारच, आणि मी शिक्षक म्हणून तो समजू शकतो.

पण याचे उत्तर फ्लोरिडाच्या कायद्यातच सापडते. खेळण्याआधी मुलाने शाळेकडे नोंद करायची, राहण्याच्या पत्त्याचा नियम इतरांसारखाच पाळायचा आणि अभ्यासातली प्रगती दाखवायची. शाळेत नापास होत असताना घरी शिकायला गेला, तर प्रगती सिद्ध होईपर्यंत त्याला खेळता येत नाही. आपल्याकडे तर सोय निम्मी झालेलीच आहे. १७ नंबरच्या विद्यार्थ्याला संपर्क केंद्र म्हणून एक शाळा नेमून मिळते. तोंडी परीक्षा, प्रकल्प तिथेच होतात. मग त्याच शाळेला त्याच्या प्रवेशिकेवर सही करायची मुभा का नसावी? लहान वयोगटासाठी जवळची शाळा ठरवून द्यावी. एका वर्षात एकच शाळा, वयाचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी इतरांसारखीच, निवड चाचणीही सगळ्यांबरोबर. चाचणीत जागा मिळाली नाही तर घरी जावे, तक्रार नको. प्रवासाचा आणि गणवेशाचा खर्च पालकांनी द्यावा. माझ्या ओळखीचे असे पालक आनंदाने देतील.

विज्ञान प्रदर्शन, समूहगान, स्नेहसंमेलन यांना तर एवढ्याही अटींची गरज नाही. तिथे मुख्याध्यापकांनी मनावर घेतले तरी पुष्कळ होईल. घरी शिकणारे अपंग मूल वर्षातून एकदा इतर मुलांबरोबर रंगमंचावर उभे राहिले, तर कोणत्या नियमाला बाधा येते?

शालेय शिक्षण आणि क्रीडा या दोन्ही विभागांनी मिळून पुढच्या हंगामाच्या प्रवेशिका निघण्याआधी याबाबत शासन निर्णय काढावा. सगळ्या खेळांना एकदम लागू करणे अवघड वाटत असेल, तर १७ वर्षांखालील खो-खो आणि कबड्डीपासून सुरुवात करावी. आपल्या वाचकांपैकी जे मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक आणि घरी मुले शिकवणारे पालक आहेत, त्यांनीही याच्या बाजूने वा विरोधात अवश्य लिहावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
जि. सातारा