न्यूझीलंडला निघण्यापूर्वी, विम्याविषयी

कोल्हापूर, ८ सप्टेंबर

चि. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

क्वीन्सटाउनचा तुम्हा मैत्रिणींचा बेत पक्का झाला हे वाचून बरे वाटले. कावाराऊ पुलावरून ४३ मीटरची उडी, नेव्हिस दरीत १३४ मीटरची उडी, प्रशिक्षकाला बांधून घेऊन स्कायडायव्हिंग आणि शॉटओव्हर नदीत राफ्टिंग, अशी यादी तू पाठवली आहेस. यातले काही करू नकोस असे सांगण्यासाठी मी लिहीत नाही. कावाराऊच्या पुलावर १९८८ पासून व्यावसायिक बंजी जंपिंग (लवचिक दोर बांधून मारायची उडी) चालू आहे आणि त्या देशात या धंद्यांवर सरकारची देखरेखही आहे: बंजीवर कामाच्या ठिकाणची सुरक्षितता पाहणाऱ्या वर्कसेफची, राफ्टिंगवर सागरी प्राधिकरणाची आणि स्कायडायव्हिंगवर नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची.

मला अस्वस्थ केले ते तुझ्या पत्रातल्या एका वाक्याने. ‘तिथे अपघात झाला तर सरकारच खर्च करते, म्हणून सगळ्यांत स्वस्त पॉलिसी पुरेल,’ असे तू लिहिले आहेस. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघात भरपाईची सरकारी योजना आहे आणि तिच्या महामंडळाला सगळे ‘एसीसी’ म्हणून ओळखतात. चूक कोणाची होती हे न विचारता ते महामंडळ इजेवरच्या उपचारांचा बहुतांश खर्च उचलते, आणि जखमी माणूस परदेशी पाहुणा असला तरी उचलते. त्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी कोणाला न्यायालयात खेचण्याचा हक्क तिथे जवळजवळ राहत नाही. मात्र ही योजना इजेपुरती आणि त्या देशाच्या हद्दीपुरती आहे. तुला तिथे अपेंडिसायटिस झाला तर तो आजार ठरतो आणि सगळे बिल तुझ्यावर येते. तुला घरी पोहोचवण्याचा खर्च आणि घरी आल्यावर पुढे चालणारे उपचार हेही तिच्यात येत नाहीत.

आता मन घट्ट करून पुढचे वाच. उडी मारताना पाठीच्या मणक्याला इजा झाली असे धर. क्वीन्सटाउनजवळ फ्रँकटनला आहे ते रुग्णालय लहान आहे. गंभीर जखमीला तिथून इन्व्हरकार्गिल, ड्युनेडिन किंवा क्राइस्टचर्चला हलवतात. तिथवरचा आणि शस्त्रक्रियेचा भार एसीसी घेईल. त्यानंतर मी आणि बाबा तिकडे येणार, परतीचे तिकीट बुडणार, मुक्काम लांबणार. आणि शेवटी तुला विमानात स्ट्रेचरवर झोपवून, अनेक आसने अडवून, सोबत डॉक्टर किंवा परिचारिका देऊन भारतात आणावे लागणार. न्यूझीलंडहून भारतात थेट विमान नाही, त्यामुळे वाटेत विमानही बदलावे लागणार. हा सारा खर्च एसीसीच्या बाहेरचा आहे, आणि विमा घ्यायचा तो मुख्यतः यासाठी.

नेमक्या याच ठिकाणी स्वस्त पॉलिसी कोरडी निघते. साध्या प्रवास विम्यात बहुधा ‘साहसी किंवा धोकादायक क्रीडाप्रकारांतून उद्भवलेली हानी’ अपवादांच्या यादीत असते. अपवाद कारणाला लागू होतो, खर्चाच्या प्रकाराला नाही. म्हणजे ‘मायदेशी परत आणण्याचा खर्च’ पॉलिसीत ठळक छापलेला असला, तरी इजा बंजीमुळे झाली असेल तर तोही नाकारला जातो. एसीसी कारण पाहत नाही, पण घरी आणत नाही. पॉलिसी घरी आणते, पण कारण पाहते. या दोहोंच्या मधली जागा मोकळी राहते आणि सर्वांत मोठे बिल त्याच जागेत पडते. विमा कंपनीच्या दावे विभागात नोकरी करताना असे दावे नाकारल्याची पत्रे मी स्वतःच्या हाताने टाइप केली आहेत. समोरच्या माणसाने हप्ता वेळेवर भरलेला असे आणि तो प्रामाणिकही असे. कलम मात्र स्पष्ट असे.

म्हणून पॉलिसीच्या नावात ‘अ‍ॅडव्हेंचर’ आहे की नाही यावर विसंबू नकोस. आपल्याकडच्या काही कंपन्या साहसी खेळांसाठी अ‍ॅड-ऑन, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायचे जादा संरक्षण, देतात. त्याचे कलम मुळातून वाच. खेळांची नावे दिली आहेत का, हौशी माणसालाच संरक्षण आहे का, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीची अट आहे का, आणि या खेळांसाठी विम्याच्या रकमेची वेगळी, कमी मर्यादा ठेवली आहे का, हे पाहा. शेवटचा मुद्दा लोकांच्या हमखास नजरेतून सुटतो. दारू प्यायलेल्या अवस्थेतल्या अपघाताला जवळपास कोणतीच पॉलिसी संरक्षण देत नाही, हे बरोबरच्या मैत्रिणींनाही सांग. उडीपूर्वी तुम्ही ज्या कागदावर सही कराल त्यात धोका तुम्ही स्वीकारता एवढेच लिहिलेले असते. तो कागद विमा नाही.

तुझ्या डोळ्यांचा प्रश्न वेगळा आहे. बंजीच्या उडीनंतर रेटिनात, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यात, रक्तस्राव झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत, आणि तुझा नंबर उणे नऊ आहे. रेटिना तपासून घेतल्याशिवाय उडीचे पैसे भरू नकोस. डॉक्टरांनी काही दोष सांगितला तर तो प्रस्ताव अर्जात लिही, कारण दडवलेला जुना आजार हे दावा नाकारण्याचे सर्वांत सोपे निमित्त असते. डॉक्टर नको म्हणाले तर दोन्ही उड्या सोडून दे, एवढे माझे ऐक.

पॉलिसी भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावी लागेल. त्याआधी तुझी यादी, प्रत्येक खेळाचे नाव आणि ठिकाण लिहून, कंपनीला ईमेलने पाठव आणि ‘यांपैकी कशाकशाला संरक्षण आहे’ याचे लेखी उत्तर माग. फोनवर मिळालेला होकार दाव्याच्या वेळी सिद्ध करता येत नाही. लेखी उत्तर हाती असेल आणि पुढे तंटा झालाच, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते; पुण्यातही त्यांचे कार्यालय आहे. कंपनीच्या मदत केंद्राचा चोवीस तास चालणारा क्रमांक फक्त तुझ्या फोनमध्ये न ठेवता दोन्ही मैत्रिणींना आणि आम्हाला दे, कारण रुग्णालयात दाखल झाल्याचे त्यांना तत्काळ कळवावे लागते आणि तेव्हा तू बोलण्याच्या स्थितीत असशीलच असे नाही.

कंपनीचे उत्तर आले की ते आणि पॉलिसीच्या अटींची पूर्ण प्रत मला धाड. मी ओळ न् ओळ वाचून दोन दिवसांत कळवते. तोपर्यंत हप्ता भरू नकोस.

तुझी,
आई