शाळा बंद केलीत, निदान त्यातली पोरं कुठे गेली ते तरी सांगा

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार,

साहेब, आमच्या परळच्या बाजूला महापालिकेची एक मराठी प्राथमिक शाळा होती, पट कमी झाला म्हणून दुसऱ्या शाळेत तिचं समायोजन केलं, म्हणजे बंदच केली. मुंबईत गेल्या दहा-बारा वर्षांत महापालिकेच्या शंभरावर मराठी शाळा कमी झाल्या, आणि दरवेळी कारण तेच, पट नाही. 1982 च्या संपानंतर गिरणी कामगारांची घरं विरार-बदलापूरकडे गेली, जे राहिले त्यांनी पोरं इंग्लिश मीडियमला टाकली, मान्य आहे.

पण शेवटी शेवटी त्या वर्गांत बसत कोण होतं? धुणीभांडी करणाऱ्या बायकांची मुलं, मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्यांची मुलं, आणि मुली, कारण बऱ्याच घरांत भावाच्या इंग्लिश शाळेची फी भरता भरताच पैसे संपतात आणि बहिणीसाठी पालिकेची शाळाच उरते.

आता तुमचा पट मोजतात कसा, तर 30 सप्टेंबरच्या संख्येवर, त्यातही आधार व्हॅलिड असेल तरच संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवताना, मूल धरतात. मग दिवाळीनंतर साइटवर आलेल्या कुटुंबाचं पोर कुठे मोजलं? ज्याच्या आधारवर नावाचं स्पेलिंग चुकलंय ते रोज वर्गात बसूनही तुमच्या हिशोबात नाही, आणि त्याच हिशोबावर शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले की आईबाप दाखला काढतात आणि पट अजून खाली येतो! याला पालकांनी पाठ फिरवली म्हणणं मला अजिबात पटत नाही.

आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी. नकाशावर ती असेलही हो, पण मधे रेल्वे लाइन आणि मोठा रस्ता असला तर सहा वर्षांच्या मुलीला एकटी कोण पाठवेल, आई तर सातलाच कामावर गेलेली असते.

युडायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, एकेका मुलाची नोंद आहे, मुलगा की मुलगी, प्रवर्ग, माध्यम, दिव्यांग आहे का, सगळं. म्हणजे माहिती तुमच्याकडेच आहे. माझी मागणी एवढीच की मुंबईत बंद झालेल्या प्रत्येक शाळेचा शेवटच्या पाच वर्षांचा पट असा फोड करून जाहीर करा, नावं नकोत, आणि त्यातली किती मुलं दुसऱ्या शाळेत खरंच हजर झाली, किती मुली मधेच सुटल्या तेही सांगा. आणि हे होईपर्यंत पटाच्या कारणावरून आणखी एकही शाळा बंद करू नका.

आपली,
परळमधली एक पालक