मराठी टायपिंगला मराठीचेच धडे हवेत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

लिपिक-टंकलेखक भरतीची चाहूल लागली की टायपिंग क्लासमध्ये गर्दी होते. मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांच्या प्रमाणपत्राची अट असते, म्हणून मुले घाईघाईने उताऱ्यांना आणि घड्याळाला भिडतात. बोटे तयार व्हायच्या आधीच वेग मागितला जातो. त्याहून वाईट म्हणजे इंग्रजी कळफलकासाठी बेतलेला सराव मराठीलाही तसाच लावला जातो. दोन्हीकडे कळा त्याच असल्या तरी बोटांवरचा भार अगदी वेगळा आहे.

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलक-मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. व्यंजन उजव्याने, मात्रा डाव्याने, असा आलटूनपालटून ठोका पडतो, ही या मांडणीची मोठीच सोय. पण म, न आणि व ही रोजची अक्षरे डावीकडे आहेत. त्यामुळे डाव्या मधल्या बोटाकडे काना (इंग्रजी ई कळ), पाय मोडण्याची म्हणजे जोडाक्षराची कळ (डी) आणि म (सी) अशा तीन कळा येतात. शिवाय शिफ्ट धरून आ, अ आणि ण हीदेखील तिथेच. 'मामा' टाइप करून पाहा. चारही ठोके त्याच एका बोटाचे, आणि दर वेळी खालच्या ओळीवरून थेट वरच्या ओळीत उडी. 'आम्ही'मधले पहिले तीन ठोकेही त्याचेच. 'नवीन' हा शब्द सगळाच्या सगळा डाव्या तर्जनीचा, तर 'सरळ'ची तिन्ही अक्षरे उजव्या तर्जनीची. असे शब्द आले की शिकाऊ माणूस अडखळतो आणि नकळत शेजारचे बोट उसने घेतो. ती सवय एकदा जडली की पुढे प्रत्येक उताऱ्यात चुका करवते.

उजव्या करंगळीचे हाल तर याहून जास्त. च, ट, ज, ड, य, शिवाय शिफ्ट धरून छ, ठ, झ, ढ, आणि वर एंटर. इंग्रजी शिकताना ही करंगळी जवळजवळ मोकळीच असते, म्हणून मराठीला आल्यावर ती आधी थकते.

म्हणून पहिले आठ-दहा दिवस फक्त मधल्या ओळीवरचे शब्द घ्यावेत: करते, रोप, केर, टोक, पोट, तुरट, टिपते, पत्र, चक्र, रक्त. या शब्दांना बोटे मधली ओळ सोडतच नाहीत आणि जोडाक्षराची कळही लगेच हाताखाली येते. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे तर्जनींनी चाचपून बसावे. मराठीत त्या जागी पहिली वेलांटी आणि र आहे. नजर कागदावर किंवा पडद्यावर ठेवावी. हातांवर रुमाल टाकला तरी चालेल, पण कळांवर अक्षरांचे स्टिकर चिकटवू नयेत. स्टिकर असला की डोळा तिकडे जाणारच. तक्ता समोरच्या भिंतीवर लावावा.

त्यानंतर काका, काम, मान, मामा, आम्ही, तुम्ही अशा शब्दांनी डावे मधले बोट घडवावे. प्रत्येक शब्द सावकाश दहा वेळा, आणि शब्द संपला की बोट डीवर परत. करंगळीसाठी चटक, टाच, जड, याच, छोटे, झाड.

शिफ्टचा नियम पाळणारे फार थोडे दिसतात. अक्षर ज्या हाताचे, शिफ्ट त्याच्या विरुद्ध हाताची. ख, घ, थ, ध, भ, श, ळ यांना डावी शिफ्ट. आ, अ, ए, ओ, ण यांना उजवी. 'आणि' लिहिताना डावीच शिफ्ट धरली तर करंगळी खाली ओढली जाते, मधले बोट वर ताणले जाते आणि मनगट वाकडे होते. दिवसातून शे-दोनशे वेळा असे झाले की दुखणे आलेच.

बोटांची स्वतंत्र हालचाल हाही सरावाचाच भाग आहे. मधले बोट दुमडून तळवा टेबलावर ठेवा आणि अनामिका उचलून पाहा. ती हलतच नाही. शेजारच्या बोटांशी तिचे स्नायू आणि कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) जोडलेल्या असल्याने ती एकटी उठायला कचरते. यात कमकुवतपणा कसलाच नाही. तेव्हा तिला जोर लावून वर खेचू नये. तळवा टेकवून पाचही बोटे एकेक करून थोडी उचलावीत, पाच-सहा फेऱ्या, रोज दोन मिनिटे. हात गार असतील तर आधी चोळून घ्यावेत.

कळफलकाचे मागचे पाय बहुतेकजण उघडून ठेवतात. ते मिटवावेत, कारण त्यांनी मनगट मागे मोडते. कोपर काटकोनापेक्षा थोडे उघडे, मनगट सरळ आणि टेबलाच्या कडेवर न रुतलेले. कळ दाबायची नसते, हलकेच टोचून सोडायची असते.

आता वेगाबद्दल. एका शब्दाचे पाच ठोके धरले तर ३० शब्दांची गती म्हणजे सेकंदाला अडीच ठोके. ही काही धावपळ नव्हे. बोटे संथ असल्यामुळे वेग क्वचितच अडतो, तो अडतो थांबण्यामुळे आणि खोडण्यामुळे. 'महाराष्ट्र'मधला 'ष्ट्र' चुकला तर बहुतेक ठिकाणी पाच वेळा मागे यावे लागते. म्हणून सेकंदाला एक ठोका अशा समान तालावर सुरुवात करावी आणि शंभर ठोक्यांत दोनपेक्षा जास्त चुका होत असतील तोवर ताल वाढवू नये. सकाळी वीस मिनिटे आणि संध्याकाळी वीस मिनिटे पुरतात. सलग दोन तास बसले की शेवटच्या तासात थकलेली बोटे चुकाच पाठ करतात.

आणखी एक. रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरवरची मांडणी) आणि इन्स्क्रिप्ट एकाच वेळी शिकू नयेत. पहिलीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करावी लागते, दुसरीत नंतर. 'किती' लिहिताना दोन्ही सवयी एकमेकींशी भांडतात. तसेच 'दुसऱ्या'सारख्या शब्दातला अर्धा र (शिफ्ट जे, मग डी, मग य) मुद्दाम शिकवावा लागतो. तो न शिकवल्याने 'दुसर्या' असले लेखन सरकारी पत्रांतही दिसते.

संस्थाचालकांना विनंती आहे की क्लासच्या पहिल्या महिन्याच्या वहीतून इंग्रजीवरून उचललेल्या ओळी काढून वरच्यासारखे शब्द घालावेत, आणि विद्यार्थ्याच्या चुका बोटवार मांडाव्यात. कुठले बोट चुकते ते कळले की दुसऱ्या दिवशीचा धडा आपोआप ठरतो.

आपला,
एक टंकलेखन शिक्षक