दोनशिक्षकी शाळेचा पहिला तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुधारायची म्हटले की डिजिटल फळा, सेमी इंग्रजी आणि गणवेशाचा रंग यांवरच चर्चा संपते. विदर्भातल्या खेड्यांतल्या दोनशिक्षकी शाळांचे दुखणे वेगळे आहे. मूल चौथीत पोचते, पण चार ओळी सलग वाचता येत नाहीत. निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झाले, तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे यासाठी २०२६-२७ ची मुदतही ठरली. पण ते रोज कोणत्या तासाला साधायचे, हे शाळेच्या वेळापत्रकात कुठेच दिसत नाही.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे चार वर्ग आणि दोन गुरुजी. त्यात वेचणी. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की मायबाप सकाळीच वावरात जातात आणि तिसरी-चौथीतली पोरगी धाकट्याला सांभाळायला घरी थांबते. ती जानेवारीत शाळेत येते तेव्हा पुस्तक बरेच पुढे गेलेले असते. वर्ग पाठांच्या क्रमाने चालणार असेल तर ती मागेच राहणार. म्हणून रोजचा पहिला तास वर्ग मोडून, वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करून घ्यावा. परत आलेले मूल मग जिथे थांबले होते तिथून पुढे जाते.

पातळी ठरवायला लेखी परीक्षा नको. एकेका मुलाला जवळ बसवून तीन-चार मिनिटे द्यावीत. आधी आठ-दहा ओळींची गोष्ट, ती अडली तर चार सोपी वाक्ये, तीही अडली तर पाच शब्द, शेवटी पाच अक्षरे. पाचांतली चार आली तर ती पायरी पक्की धरावी. चाळीस पटाच्या शाळेत दोघे मिळून दोन दिवसांत हे उरकते. अक्षर आणि शब्द हे गट एका शिक्षकाकडे, वाक्य आणि गोष्ट दुसऱ्याकडे. दर महिन्याला पुन्हा तपासून गट बदलावेत. हे बदलणे राहून जाते आणि अक्षरगटाचा ‘ढ गट’ होतो. पोरे तसे नावही ठेवतात.

अक्षरगटात वर्णमालेच्या क्रमाने जाऊ नये. क, म, न, र, ल, प ही सहा अक्षरे आणि एक काना एवढ्यावर कान, नाक, मका, पान, पाला, लाल, कमान, काका, मामा असे कितीतरी शब्द होतात. पहिल्या पंधरवड्यात मूल शब्द वाचते, मग त्याला शाळेत यावेसे वाटते. बाराखडी सुरात म्हणवून घेण्याचा भरवसा धरू नये. ‘क का कि की’ घडाघडा म्हणणाऱ्या मुलासमोर तक्त्यावर मधेच ‘कु’वर बोट ठेवा. ते मनातल्या मनात ‘क’पासून मोजत येते. त्याला चाल येते, अक्षर येत नाही. वह्यांचेही तसेच. फळ्यावरून उतरवलेले अक्षर मोत्यासारखे असते. फळा झाकून ‘मीठ’ लिहायला सांगितले की पेन्सिल थांबते. रोज पाच शब्द न पाहता लिहवून घेतले तर हे आठवड्यात उघडे पडते.

बोलीचा प्रश्न इथेच येतो. वऱ्हाडी घरातले मूल ‘डोळा’ला ‘डोया’ वाचते, ‘पाणी’ला ‘पानी’. ही वाचनाची चूक नव्हे. त्याने अक्षर ओळखले, अर्थ लावला आणि घरच्या उच्चारात सांगितले. तिथे टोकले तर मूल गप्प बसते, आणि गप्प मुलाला वाचायला शिकवणे फार कठीण. लेखनात ‘ळ’ आणि ‘ण’ दुसरीत सावकाश नीट करता येतात. मेळघाटातल्या कोरकू आणि भामरागडच्या माडिया या आदिवासी मुलांची अडचण याहून खोल आहे. ‘म मक्याचा’ म्हणून चित्र दाखवले तर त्या घरात मक्याला नावच दुसरे असू शकते. मूल ते नाव सांगते आणि त्यात ‘म’ कुठे आहे ते त्याला सापडत नाही. तिथे आधी महिनाभर त्याच्या भाषेत गप्पा, वस्तूंची मराठी नावे, आणि मग अक्षर. गावातल्या बारावी झालेल्या मुलीला मदतीला घेतले तर हे होते.

गणितात गाडी ‘एकोण’वर अडते. एकोणतीस म्हटले की कानावर ‘तीस’ पडते आणि मूल ३९ लिहिते. १९ ते ८९ असे आठ आकडे आहेत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी ‘वीस एक, वीस दोन’ आले तेव्हा राज्यभर टिंगल झाली; अडचण खरी होती, याकडे फार थोड्यांनी पाहिले. उपाय वावरात पडलेला आहे. तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे, वीतभर तुकडे करून दहा-दहाचे गठ्ठे बांधावेत. दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या म्हणजे एकोणतीस. आणखी एक काडी ठेवली की तिसरा गठ्ठा बांधता येतो. ‘तिसाला एक उणा’ हे हाताला कळते. गठ्ठे मुलांनीच बांधावेत, आणि सोडावेतही. शिक्षकाने बांधून कपाटात ठेवलेले गठ्ठे हे नुसते साहित्य.

आता वाचनाचा तो पहिला तास मोडतो कशाने, ते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे मान्य आहेत. ऑनलाइन माहिती मात्र ‘तात्काळ’ म्हणून सकाळीच मागितली जाते, आणि ती भरताना पोषण आहाराच्या तांदळाचाही हिशेब याच वेळी उरकला जातो. सकाळच्या पहिल्या तासात शाळेकडून कोणतीही माहिती मागवू नये, असा एका ओळीचा आदेश जिल्हा परिषदेने काढावा.

पालकांकडून एवढेच. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. पण बैठक दुपारी ठेवली तर वेचणीला गेलेली बाई येणार कशी? बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी, मजुरीला सुट्टी असते तेव्हा, सकाळी घ्यावी. कंपाउंडचा विषय शेवटी ठेवून आधी चार मुलांना उभे करून वाचायला लावावे, आणि मुले निवडावीत पालकांनी.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख, जि. यवतमाळ