आयईएलटीएस म्हणजे नेमकी कुठली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात परदेशी पाठवणाऱ्या क्लासांच्या चार जाहिराती एकाच पानावर होत्या. चारींत 'आयईएलटीएस', म्हणजे परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, ठळक टायपात. कुठल्या देशासाठी, कुठल्या व्हिसासाठी, त्यातला कुठला प्रकार, याबद्दल एकीतही अवाक्षर नाही. जाहिरातीचे पैसे जागेवर मोजतात हे मला ठाऊक आहे. पण असाच एक शब्द गाळल्यामुळे माझ्या एका विद्यार्थ्याचे आठ महिने आणि बरेच पैसे पाण्यात गेले, म्हणून हे पत्र.

मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात तीस वर्षे इंग्रजी शिकवले. मुलगा आमच्याच गावचा. वडिलांचे दोन टिप्पर खाणीवर चालायचे. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा हा शाळेत होता. मधे सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तोवर याचा डिप्लोमा झालेला. एक टिप्पर भंगारात गेला. दुसरा अजून मांगराजवळ माडाखाली उभा आहे, त्याच्या हौद्यात पावसात गवत उगवते. मुलाने औद्योगिक वसाहतीत सात वर्षे मशिनी सांभाळल्या आणि मग कॅनडा डोक्यात घेतला. इंग्रजी त्याचे चांगले. आठवीपासून माझ्या वर्गात होता, पण ते इथे महत्त्वाचे नाही.

क्लास कसा निवडला, तर शेजारच्या मुलीला विचारून. ती नर्स, दोन वर्षांपूर्वी आयईएलटीएस देऊन ब्रिटनला गेली. तिचा क्लास तोच याचा क्लास, तिची पुस्तकेही यानेच आणली. तिने दिली होती ती 'ॲकॅडमिक', आणि तिच्यापुरते ते अगदी बरोबर होते. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करताना तिथली नर्सिंग परिषद आयईएलटीएस मागते ती ॲकॅडमिकच, नाहीतर वैद्यकीय क्षेत्रातल्यांसाठी वेगळी काढलेली ओईटी. याला कॅनडात कायमचे राहायला जायचे होते आणि यानेही तीच दिली. साडेसात बँड मिळाले; या परीक्षेतल्या गुणांना बँड म्हणतात. पेढे वाटले, मलाही दोन आले.

महिनाभराने रात्री साडेनऊला फोन. गेलो तर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला निकालाचा कागद प्लास्टिकच्या कव्हरात. एक्सप्रेस एंट्री या कॅनडाच्या कायम वास्तव्याच्या योजनेचा अर्ज भरायला बसला होता. परीक्षेचे नाव निवडायची यादी उघडली की इंग्रजीसाठी तीनच नावे: आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग, सेल्पिप जनरल आणि पीटीई कोअर. फ्रेंचच्या दोन वेगळ्या, त्यांचा आम्हाला उपयोग नाही. पोर माउस वर नेई, खाली आणी, पुन्हा वर नेई. शेवटी म्हणाला, 'सर, यादींत म्हजी परिक्षाच ना.' (यादीत माझी परीक्षाच नाही.) कव्हरातल्या कागदावर वरच छापलेले होते, ॲकॅडमिक. महिनाभर तो कागद आम्ही सगळ्यांनी हाताळला होता. बँडचा आकडा सोडून कोणी काही वाचलेच नव्हते, आणि त्यात इंग्रजीचा मास्तरही आला.

क्लासात चौकशीला गेलो. उत्तर मिळाले, 'तुम्ही आयईएलटीएस म्हणालात, आम्ही आयईएलटीएस शिकवले.' पावती काढून बघितली. 'आयईएलटीएस कोचिंग', तारीख, रक्कम, सही. परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म क्लासातल्याच कोणीतरी भरून दिला होता आणि त्यात ॲकॅडमिकच्या खुणेवर बोट दाबताना त्याला कोणी काही विचारले नव्हते. एका खेपेची फीच सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे. ती दुसऱ्यांदा भरली, पुन्हा तयारी केली. तेवढ्यात मुलाला तिसावे लागले, आणि कॅनडाच्या गुणांच्या हिशेबात एकट्या अर्जदाराचे वयाचे गुण तिशीला ११० वरून १०५ होतात. दर निवडीला अर्जदारांची उतरंड लागते, तिथे पाच गुण म्हणजे काय हे ज्याचे गेले त्याला विचारावे.

दोन प्रकारांत फरक तरी काय, असे लोक विचारतात. ऐकणे आणि बोलणे दोन्हींत सारखेच. वाचायचे उतारे वेगळे आणि लिहिण्याचा पहिला प्रश्न वेगळा. ॲकॅडमिकमध्ये एखादा आलेख किंवा तक्ता देऊन त्याचे वर्णन मागतात. जनरलमध्ये पत्र लिहायला सांगतात: घरमालकाला, दुकानदाराला, एखाद्या कचेरीला तक्रार. वेळ साधारण वीस मिनिटे, शब्द किमान दीडशे. म्हणजे जे मी जन्मभर वर्गात शिकवले आणि निवृत्त झाल्यापासून आपल्याला पाठवून छळतो आहे, तेच. या पोराने तीन महिने चढते-उतरते आलेख गिरवले, एक पत्र लिहिले नाही.

आपल्याकडे आयईएलटीएस हा शब्द झेरॉक्ससारखा झाला आहे. इंग्रजीची कुठलीही परीक्षा म्हणजे आयईएलटीएस, आणि ती दिली की कुठलाही देश उघडा. प्रत्यक्षात एकाच नावाखाली चार पोटनावे असतात. ब्रिटनच्या व्हिसाला जिथे सुरक्षित इंग्रजी परीक्षा लागते तिथे साधी आयईएलटीएस चालत नाही, 'यूकेव्हीआय' अशी ब्रिटनच्या व्हिसा खात्याच्या नावाची नोंद असलेली, त्यांच्या मान्य केंद्रावरच दिलेली लागते. प्रश्नपत्रिकेचा घाट तोच, पण नोंद चुकली की कागद रद्दी. पीटीईचेही तसेच. कॅनडाच्या कायम वास्तव्याला कोअर, ऑस्ट्रेलियाला ॲकॅडमिक. घरबसल्या तासाभरात देता येणारी डुओलिंगो बऱ्याच विद्यापीठांना प्रवेशासाठी चालते, म्हणून पोरे तीच देऊन मोकळी होतात. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीच्या यादीत ती नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुंगटे घेताना आपण टोपली उलटीपालटी करून बघतो, आणि इथे पोटनावही विचारत नाही.

पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना या भानगडीत पूर्वी पडावेच लागले नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजोबांची आणि मग आपली जन्मनोंद लिस्बनला लागली की पासपोर्ट हाती, आणि युरोपातल्या मोकळ्या ये-जेमुळे थेट ब्रिटनमधले स्विंडन. इंग्रजी येते का, असे कोणी विचारत नसे. ब्रिटन युरोपातून बाहेर पडले आणि ३१ डिसेंबर २०२० ला ती ये-जा संपली. तिथे आधीच स्थिरावलेल्या मुलांची लग्ने आता होत आहेत, आणि त्यानंतर जमलेल्या लग्नातल्या बायकोला रीतसर कुटुंब व्हिसा लागतो. त्याला इंग्रजीची अट भाषेच्या युरोपीय मोजपट्टीतल्या ए १ या सगळ्यात खालच्या पायरीची आहे. मुदतवाढीला ए २, कायम होताना बी १.

माझ्या ओळखीच्या एका बाईंची सून अशीच निघाली होती. बिचारी आगाशीत बसून इंग्रजी निबंध पाठ करायची, 'सर, लिहिताना हात थरथरतो' म्हणायची. क्लासाने तिला चारही भागांचा पूर्ण कोर्स विकला होता. तिला हवी होती ती आयईएलटीएसचीच 'लाइफ स्किल्स' ए १. त्यात लिहायचे नसतेच. दोन उमेदवार एका परीक्षकासमोर बसतात, परीक्षकाशी आणि एकमेकांशी बोलतात, सोळा ते अठरा मिनिटांत आटोपते. बँड नाही, पास किंवा नापास. तिला हे सांगितले तेव्हा आधी तिचा विश्वासच बसेना. मग तिने विचारले, 'बाजूला बसलेली घाबरली तर माझे काय?' हा प्रश्न मात्र चांगला होता. परीक्षक प्रत्येकाला स्वतंत्र जोखतो.

'आमचे सगळे शिक्षण इंग्रजीतून झाले, परीक्षा कशाला?' असेही ऐकू येते. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्यावरून या राज्यात केवढे रण माजले होते ते आपल्या वाचकांना आठवत असेल. माझी बाजू कोणती होती हे आपल्या जुन्या अंकांत सापडेल. पण त्या शाळेत शिकलेल्यालाही परीक्षा सुटलेली नाही. एक्सप्रेस एंट्रीत तर लंडनला जन्मलेल्या इंग्रजालाही ती द्यावी लागते. ब्रिटनने इंग्रजीभाषक देशांची जी यादी केली आहे तिच्यात भारत नाही. इंग्रजी माध्यमाची पदवी असेल तर एक्टिस या संस्थेचे प्रमाणपत्र घेऊन तिथे ती दाखवता येते, एवढी वाट आहे. गोवा विद्यापीठाच्या पदवीधरांनी परीक्षेची फी भरण्याआधी ती तपासून पाहावी.

मान्य यादीतल्या तिन्हींपैकी कॅनडासाठी कुठली, हे ज्याचे त्याने ठरवावे. सेल्पिप आणि पीटीई कोअर पूर्णपणे संगणकावर, बोलायचेही माइकशी. आयईएलटीएसमध्ये बोलण्याला परीक्षक असतो. माणसासमोर गप्प बसणारी आणि यंत्रासमोर पोपटासारखी बोलणारी मुले मी पाहिली आहेत, आणि याच्या उलटही. फक्त एकूण बँडवर खूश होऊ नये. एक्सप्रेस एंट्रीतल्या कुशल कामगारांच्या संघीय योजनेत सीएलबी या कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवर ७ ही किमान पातळी चारही भागांत लागते, म्हणजे आयईएलटीएस जनरलमध्ये प्रत्येकी सहा. एकूण सात आणि लेखनात साडेपाच, तर दार बंद. सीएलबी ९ गाठायची तर वाचन, लेखन, बोलणे यांना सात पुरतात, ऐकण्याला मात्र आठ लागतात. निकालाला दोन वर्षांची मुदत असते, आणि प्रोफाइल भरताना व पुढे कायम वास्तव्याचा अर्ज करताना, अशी दोन्ही वेळा ती शिल्लक असावी लागते. घाईने आधीच परीक्षा देऊन ठेवणाऱ्यांचे इथे वांधे होतात.

शिवाय याद्या बदलतात. पीटीई कोअर कॅनडाने घेतली ती जानेवारी २०२४ च्या अखेरीस. ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२५ मध्ये आपली यादी नव्याने लावली. ब्रिटनने जानेवारी २०२६ पासून कुशल कामगार व्हिसाच्या नव्या अर्जांना बी १ ऐवजी बी २ ची अट घातली. क्लासाच्या भिंतीवर दोन वर्षांपूर्वी चिकटवलेला कागद आज कोणाला बुडवील सांगता येत नाही. त्या त्या सरकारचे संकेतस्थळ उघडून स्वतः वाचणे हाच उपाय, आणि ज्याला ते इंग्रजी वाचता येत नाही त्याने परीक्षा देण्याची घाई तरी कशाला करावी?

माझे मागणे मोठे नाही. क्लासांनी पावतीवर परीक्षेचे पूर्ण नाव, प्रकार, देश आणि व्हिसा लिहावा, आणि विद्यार्थ्याची त्याखाली सही घ्यावी. राज्यात अनिवासी भारतीयांच्या व्यवहारासाठी आयुक्तांचे कार्यालय आहे. त्यांनी चार-पाच देशांच्या चालू याद्या मराठी-कोकणीत करून पंचायतींच्या फलकांवर लावल्या तर खर्च कागदाचाच येईल.

आणि एक विनंती आपल्या जाहिरात विभागाला. 'आयईएलटीएस' छापताना पुढे कंसात प्रकारही छापायला सांगावे. जागा अपुरी पडत असेल तर त्या जाहिरातींतला 'स्वप्न' हा शब्द काढला तरी चालेल, तो चारही ठिकाणी आहे.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
डिचोली