फोटॉन एकमेकांना धडकून पट्टे पडत नाहीत

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत प्रकाशावर लेख आला होता, विषय घेतलात त्याबद्दल आधी मनापासून आभार, मराठी पेपरात फिजिक्सला अख्खं पान मिळतं हेच मोठं आहे. पण त्यात म्हटलंय की बारीक फटीतून जाताना फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे सुटे कण, एकमेकांवर आपटतात आणि म्हणून पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. हे चूक आहे, आणि नेमकी हीच समजूत घेऊन पोरं माझ्या बारावीच्या क्लासला येतात म्हणून न राहवून लिहितोय.

1909 साली केंब्रिजला जेफ्री टेलर या शास्त्रज्ञाने एका बंद खोक्यात सुई ठेवली, तिच्यावर गॅसच्या ज्योतीचा उजेड सोडला, आणि मधे काजळी धरलेल्या काचा लावून तो इतका कमी केला की मैलाच्या जरा पलीकडे ठेवलेल्या मेणबत्तीचा पोचेल तेवढाच. सगळ्यात मंद उजेडात फोटोची प्लेट सुमारे 2000 तास, म्हणजे जवळपास तीन महिने तशीच ठेवली होती! एवढ्या कमी उजेडात खोक्यात एकाच वेळी दोन फोटॉन सापडणंच मुश्कील, मग आपटणार कोण कोणावर? तरी सुईच्या सावलीच्या कडेचे पट्टे भरपूर उजेडात येतात तितकेच स्पष्ट आले. आता ज्योतीतून फोटॉन मोजून एकेक निघत नाही ही शंका बरोबरच आहे, पण 1986 मध्ये फ्रान्समध्ये ग्रँजिए, रॉजे आणि आस्पे यांनी खरोखर एकेकटे फोटॉन सोडून बघितलं आणि व्यतिकरण, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळून कुठे उजेड कुठे अंधार होणं, तेव्हाही दिसलं.

दुसरं म्हणजे "प्रकाश कधी लहर तर कधी कण" हे वाक्य. ऐकायला छान वाटतं, पण त्यातून असं वाटतं की प्रकाश सकाळी एक वेश घालतो आणि संध्याकाळी दुसरा. तसं नाहीये. प्रत्येक फोटॉन पडद्यावर एकाच ठिकाणी एक ठिपका देतो, अर्धा इथे अर्धा तिथे असं कधीच होत नाही, सुरुवातीचे ठिपके तर सांडलेल्या मोहरीसारखे कुठेही पडल्यागत दिसतात, पण हजारो साठले की त्यांच्यातूनच पट्टे तयार होतात. एकाच प्रयोगात दोन्ही. आमच्या बारावीच्या पुस्तकात वेव्ह ऑप्टिक्स (लहर म्हणून प्रकाश) सातव्या धड्यात आणि ड्युअल नेचर (लहर आणि कण दोन्ही) थेट चौदाव्या धड्यात, त्यामुळे पोरांना या दोन वेगळ्याच गोष्टी वाटतात, याचं मला फार वाईट वाटतं.

विवर्तन, म्हणजे कडेपाशी प्रकाश वळून पसरणं, बघायला लॅब लागत नाही हो. लाल लेझर पॉइंटरच्या तोंडावर डोक्याचा एक केस उभा ताणून चिकटवा, अंधाऱ्या खोलीत 3 मीटर लांबच्या भिंतीवर उजेड सोडा, डोळ्यात मात्र चुकूनही नको. भिंतीवर आडवी तुटक तुटक रेघ दिसेल. पॉइंटरवर तरंगलांबी 650 नॅनोमीटर लिहिलेली असेल आणि मधल्या ठळक उजेडाच्या एकाच बाजूच्या शेजारशेजारच्या काळ्या जागांमधलं अंतर 28 मिलिमीटर भरलं, तर तरंगलांबीला भिंतीच्या अंतराने गुणून या 28 मिलिमीटरने भागा, केस साधारण 70 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, म्हणजे शाळेच्या पट्टीने केसाची जाडी मोजून झाली.

तेवढी चुकीची दुरुस्ती छापा, आणि जागा असेल तर सोबत हा केसाचा प्रयोगही द्या.

आपला नियमित वाचक, सातारा